मेंदूतले पांढरे ठिपके

४ जानेवारी

गेले एकदाची एमआरआयच्या मशीनमध्ये! आत असा आवाज, जणू शेजारी कुणी भिंत फोडतंय. टेक्निशियनदादांनी आधीच बजावलं होतं, "खाज, शिंक, खोकला, काय असेल ते इथंच उरका. आत पुतळा व्हायचं." आत गेल्या गेल्या नाक खाजायला लागलं. पण हलले नाही.

नव्या औषधाच्या चाचणीत मला घेतलंय. उजव्या हाताला मुंग्या, बोटं बधिर. नवरा म्हणतो, "कवळ्या बनवणारीचाच हात संपावर गेला तर लोकांनी चावायचं कशानं?" मला हसवतो आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसतो.

५ जानेवारी

डॉक्टरबाईंनी चित्रं दाखवली. माझा मेंदू — सोललेल्या अक्रोडासारखा! "हे पांढरे ठिपके म्हणजे आजार," त्या म्हणाल्या. "शरीराचीच फौज नसांवरचं आवरण कुरतडतेय. आणि हे चमकणारे आत्ता, या घडीला पेटलेले आहेत." हाताच्या शिरेतून काल जे औषध सोडलं होतं, त्यानं ते असे उजळतात म्हणे.

मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं. मोजायला लागले. मग सोडून दिलं.

२० फेब्रुवारी

गोळी घेतली की मळमळ. बाकी काही फरक नाही.

११ मार्च

आज मेणाची दाढ कोरताना कड कुठं संपते ते बोटाला कळलं. डोळ्याला नाही, बोटाला! कामावरून थेट नणंदेला फोन. ती म्हणाली, "वहिनी, मनाचे खेळ असतील गं. उगाच आस लावून बसू नकोस."

असतीलही. स्कॅन होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही आता.

१६ एप्रिल

विझले!!

डॉक्टरबाईंनी जानेवारीचं आणि आजचं चित्र शेजारी शेजारी लावलं. मग म्हणाल्या, "चमकणारे सगळे विझलेत. नवा एकही नाही. जुने व्रण राहतील, पण आग थांबलीय." टेक्निशियनदादांनाही बोलावून घेतलं — "या, बघा तरी!" तिघं मिळून माझ्या डोक्यात डोकावत होतो.

नणंदेला कळवलं — मशीनला मन नसतं. ती रडली.

१७ एप्रिल

वरची-खालची अख्खी कवळी एकटीनं केली. हात भरून आला, पण बोटं बधिर झाली नाहीत.

९ जुलै

आजचा स्कॅन झालाच नाही. आधी लघवीची तपासणी करतात, ती करून नर्सताई परत आल्या आणि दार लावून घेतलं. मला दिवस गेलेत. आम्ही तो विषय काढणंही सोडून दिल्यावर!

गोळी आजपासून बंद. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोटात बाळ असताना हा आजार बहुधा शांत असतो. बाळंतपणानंतर उसळू शकतो. गोळीचा बाळावर काय परिणाम होतो, ते अजून कुणालाच माहीत नाही. बाळ ठेवायचं का, विचार करून सांगा."

नवरा बाहेर उभा होता. "काय दिसलं?"

सगळं सांगितलं. म्हटलं, "मी ठेवणार आहे."

तो तिथंच पायरीवर बसला आणि माझा उजवा हात हातात घेतला.