तुझ्या खोलीचा रंग

पनवेल,
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय आभा,

फोनच करणार होते, पण हल्ली आपण दोघी 'जेवलीस का, बरी आहेस ना' याच्या पुढे जातच नाही. म्हणून लिहायला बसले.

घरात रंगकाम काढलंय. हॉल झाला, आता तुझी नि विश्वजीतची खोली उरलीय. पावसाळ्यात ओल येऊन खिडकीखाली पापुद्रे सुटले होते. महादेव रंगाऱ्याने भिंतीवर दोन हात मारून दाखवले. एक जुनाच आकाशी, विश्वजीतने तुमच्या लग्नाआधी निवडलेला. दुसरा फिका पिवळा, सायीसारखा. आकाशी सकाळी शांत वाटतो, पण दिवेलागणीला काळवंडतो. पिवळा ट्यूबलाइटखाली किंचित हिरवट मारतो खरा, पण कलतं ऊन आत आलं की अख्खी भिंत उजळते. मी पिवळ्याच्या बाजूची. बाबांचं मात्र एकच, "त्याने निवडलेला रंग बदलायचा नाही." मी वाद घातला नाही. पोटचा मुलगा अपघातात गेलेल्या माणसाशी रंगावरून काय भांडायचं?

तो गेल्यावरही तू आमच्यापाशी राहिलीस. अविनाशरावांचं स्थळ मीच पुढे रेटलं. बाबांनी तुमच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही केली आणि घरी येऊन या खोलीचं दार लोटून घेतलं. मला वाटायचं, त्यांना हे पटलेलंच नाही.

काल महादेवने विचारलं, "काका, कुठला डबा फोडू?" बाबांनी खिडकी उघडून दोन्ही रंग पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "पिवळाच लाव. निळा ठेवला तर पोरगी दारातच थबकेल. आणि जावयाला परक्याच्या खोलीत झोपल्यासारखं वाटेल." जावई म्हणाले गं! मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

लग्नानंतर तू इकडे फिरकली नाहीस. कुठल्या नात्याने यायचं, हाच प्रश्न ना? तुझे आईवडील असते तर पहिल्या दिवाळसणाला त्यांनी बोलावलं असतं. ते नाहीत, म्हणून आम्ही बोलावतोय. अविनाशरावांना घेऊन माहेरी ये. पहिली आंघोळ इथेच. बाबांनी बाजारातून जावयाच्या कुडत्याचं कापडही आणलंय, आणि 'त्याची उंची विचार' म्हणून सकाळपासून माझ्या मागे लागलेत. शिंप्याकडे गर्दी व्हायच्या आत तेवढी कळव.

तुझीच,
आई