आपण आता गरीब नाही

१४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी ठणठणीत आहे. खोकला गेला, वजन वाढलंय, तेव्हा जेवणाची चौकशी करू नकोस. दाजींचा गुडघा कसा आहे ते कळव. भाचीने काढलेलं चित्र आम्हा दुभाष्यांच्या खोलीत कपाटावर चिकटवलंय. तो घोडा आहे की मी, यावर इथे रोज वाद होतो.

आधी सभागृहाचं सांगते. परवा ते पहिल्यांदा आतून पाहिलं. आपली अख्खी शाळा मैदानासकट आत मावेल! छताकडे बघून मान दुखली. आणि शांतता केवढी! जगातला पैसा कुठे जाणार नि कुठे नाही, हे इथे ठरतं, आणि ठरवणारे मधूनच संत्रं सोलत असतात. मी मागच्या काचेच्या खोलीत बसते. कानात त्यांचं बोलणं, तोंडात भाषांतर. बोलणारा चिडला तर आपणही चिडून बोलायचं, हसला तर हसून. आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

परवा आपल्या देशातर्फे कोण उठलं असेल? तुमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई! चष्मा तसाच दोरीला बांधलेला. विषय तुमच्याच प्रसूतिगृहाला इथून मिळणाऱ्या मदतीचा.

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे वीज जाते, बाळंतपण काही थांबत नाही. मग आमची मोठी सिस्टर त्या बाईशी मोठमोठ्याने बोलत राहते. काहीही बोलते. स्वयंपाकाचं, धाकट्या बहिणीच्या खोड्यांचं. अंधारात तिला एकटं वाटू नये म्हणून."

ताई, ती तू. मला हे कधी सांगितलं नाहीस. आणि मी ते अख्ख्या जगाला सांगत होते!

तेवढ्यात लाल दिवा लागला. वेळ संपली की माइक आपोआप बंद होतो, आमच्या कानातला आवाजही जातो, मग आम्ही गप्प बसायचं, असा नियम आहे. पण काचेपलीकडे बाईंचे ओठ हलतच होते. मी कानातलं काढलं, दार सताड उघडलं, आणि ऐकू येईल तसं पुढे सांगत राहिले. माझा माइक चालू होता ना! संत्रं सोलणारे हात थांबले. एवढ्याशा बाईचा नुसता आवाज त्या छताला पुरून उरला. माझ्या अंगावर काटा आला, आत्ता लिहितानाही येतोय.

नियम मोडला म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली. ते जाऊ दे.

जाऊ दे म्हणत इथवर आले, आता लिहायलाच हवं. अध्यक्ष डोळे पुसत उठले. खरंच पुसत होते. म्हणाले, या देशाचं सरासरी उत्पन्न यंदा ठरलेल्या रेषेच्या वर गेलं, देश गरिबांच्या यादीतून बाहेर आला. तेव्हा प्रसूतिगृहाची मदत वर्षअखेरीस थांबेल. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

बाईंना त्यांची भाषा येत नाही. त्यांच्या कानात मीच होते. अध्यक्ष आनंदाने बोलत होते, म्हणून मीही आनंदाने म्हटलं, "अभिनंदन! तुम्ही आता गरीब नाही." बाईंनी वळून काचेकडे पाहिलं. त्यांनी मला ओळखलं असावं.

सरकारी कागद यायला वेळ लागेल, आणि त्यातही अभिनंदनच असेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. हे कोणाचं भाषांतर नाही. तुझं प्रसूतिगृह बंद होतंय, ताई.

तुझी,
धाकटी