उजवं चाक गरम, डावं गार

सोमवार, ६ जानेवारी २०२५

उजवं पुढचं चाक इतकं तापलं होतं की पाणी टाकल्याबरोबर चर्रकन उडालं. डाव्याला हात लावला — गार. दोनदा लावून पाहिला.

गाडी दांडी गावच्या पुष्पलताबायची, मासळीचा छोटा ट्रक. पालघरच्या अलीकडे चाकातून धूर आला म्हणून तिचा ड्रायव्हर सुका याने ती कडेला घेतली. दुसरी गाडी मिळेपर्यंत बर्फ वितळला, पापलेट नरम पडलं. बाय गाडी ओढून आमच्या बोईसरच्या गॅरेजात घेऊन आली ती तोंड सोडूनच.

आमचे मालक प्रदीपदादा, त्यांनी चाक उघडलंसुद्धा नाही. नुसता वास घेतला. "पॅड जळलेत. ब्रेकवर पाय ठेवून चालवतो हा, दुसरं काय!"

सुकाने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. खरंच पाहिलं. म्हणाला, "ठेवला आसल... मला कललाच नाय."

बाय म्हणाली, "आपला पाय कुठं हाय ते ज्याला कलत नाय, त्याच्या हातात माझी गाडी नाय! उद्यापासून येव नको."

ब्रेकवर पाय राहिला तर दोन्ही चाकं तापतात. हे मला माहीत आहे. माझा हात तेव्हा त्या गार चाकावरच होता. मी काही बोललो नाही.

ते उजवं कॅलिपर, म्हणजे चाकाच्या तबकडीवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, १९ डिसेंबरला मीच उघडून परत बसवलं होतं.


मंगळवार, ७ जानेवारी

सकाळी जॅक लावला. चाक दोन्ही हातांनीही फिरेना. एकेक गोष्ट तपासायची ठरवली, घाई करायची नाही. आधी ब्रेक ऑइलचा निपल सैल केला — पाइपात दाब अडकला असता तर चाक मोकळं झालं असतं. झालं नाही. मग ज्या पिनांवर कॅलिपर सरकतं त्या पाहिल्या. दोन बोटांनी सरकल्या. उरला पॅडला ढकलणारा पिस्टन. शिकंजा लावून दाबला तरी मागे जाईना. शेवटी हवा मारून बाहेर काढला.

आतली रबराची रिंग भिजलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली!

पाय उचलला की हीच रिंग पिस्टनला केसभर मागे ओढते. फुगली की ओढत नाही, धरून ठेवते.

का फुगली ते मला तेव्हाच कळलं. तरी अर्धा तास दुसरं कारण शोधत बसलो. खारी हवा, जुना पिस्टन, काहीतरी. नाही. १९ तारखेला नव्या रिंगेवर धूळ दिसली म्हणून मी ती डिझेलच्या ट्रेमध्ये टाकली होती. आमच्याकडे सगळंच डिझेलमध्ये धुतात — नट, बेअरिंग, हातसुद्धा. दुसऱ्या कोणी शर्टाला पुसून बसवली असती आणि काही झालं नसतं! मी मात्र ती तासभर बुडवून ठेवली. स्वच्छ व्हावी म्हणून.

पाकीट अजून माझ्या डब्यात होतं. इंग्रजी आहे. एकेक अक्षर लावून वाचलं. रबर फक्त ब्रेक ऑइलने पुसा, असं लिहिलंय. बसवताना वाचलं नव्हतं.

दादांनी विचारलं, "काय निघालं?"

"पिस्टन अडकत होता."

खोटं नाही. पण एवढंच सांगितलं.


बुधवार, ८ जानेवारी

नवी रिंग ब्रेक ऑइल लावून बोटांनी बसवली. धूळ अडवणारं नवं रबर, नवे पॅड. दादांनी पेडल दाबलं, मी हवा काढली. कोळगावपर्यंत जाऊन आलो. उतरून दोन्ही चाकांना हात लावला. दोन्ही सारखीच कोमट. काम चांगलं झालं. आनंद झाला नाही.

धीरज नावाचा नवा ड्रायव्हर गाडी न्यायला आला. "वा मेहुलशेठ, हात लावला की गाडी बरी!" मी लगेच आत निघून गेलो.

दुकानातून आणखी दोन रिंगा आणल्या. एक ब्रेक ऑइलमध्ये ठेवली, एक डिझेलमध्ये. माझी चूक नक्की माझीच आहे का ते पाहायला. नसेल तर बरं, असं अजूनही वाटतंय.


शुक्रवार, १० जानेवारी

डिझेलमधली फुगली.


शनिवार, ११ जानेवारी

सुकाची बायको लाडकी मासवणहून आली. गाडीत राहिलेली त्याची चादर आणि पाण्याचा कॅन आम्ही काढून ठेवले होते, ते न्यायला. चादरीची घडी घालता घालता म्हणाली, "दोन वर्सं ईटभट्टीवर गेलो नव्हतो. सोमवारी जातो. पोरीचा नाव शालेतून काढला."

"सुका कसा आहे?"

"कसा आसल? बसला का पाय हलवून बघतो."

ती गेल्यावर दादांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"ट्रेमध्ये डिझेल कोण ओततो? मी. तुला कधी सांगितलं, रबर टाकू नको? नाही. मग माझंही नाव घेणार?" मग हळू आवाजात म्हणाले, "ड्रायव्हरला दहा गाड्या मिळतात, मेहुल. गॅरेजचं नाव गेलं की गेलं."

त्याला एकही मिळालेली नाही, दादा — हे मनातच म्हणालो.


रविवार, १२ जानेवारी

दांडीला गेलो. दोन्ही रिंगा कागदात बांधून. बाय बोंबील वाळत घालत होती. मी पाठ करून गेलो होतो, तरी उलटसुलट बोललो. तिने रिंगा एकीवर एक ठेवून पाहिल्या.

"मंजे मी त्याला बोलत होते तवा तू तिथंच होतास?"

"हो."

"आन ऐकत होतास?"

"हो."

तिने आणखी चार बोंबील दोरीवर टांगले. मला वाटलं, आता हाताला येईल ते फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्या तोंडाचं मी निस्तरते. फोन करते त्याला. पर तू त्याच्या दारात जा. तुझा तू सांग."


सोमवार, १३ जानेवारी

सकाळी मासवण. गाठोडी बांधून अंगणात ठेवलेली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं — डिझेल, गार चाक, माझं गप्प राहणं. रिंगा दाखवल्या. सुकाने नीट ऐकलं आणि रिंगा माझ्या हातात परत दिल्या.

"बायचा फोन आला. उद्यापासून जातो गाडीवर. पर भाऊ, माझा पाय मला ठावक हाय. सात दिस तोच इचार केला. ठेवला व्हता मीच. तुमी माझ्यासाठी आपल्यावर घेतलात."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"बस झाला," तो म्हणाला. "आता नका खोटा बोलू."

लाडकीने गाठोडी सोडली. चुलीवर कोरा चहा ठेवला, पहिला कप मला दिला. मी प्यायलो.