शुक्रवारचा डबा

वारूळवाडी, ता. जुन्नर
१२ जानेवारी २०२६

चि. ऋषीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिल्लीच्या थंडीत स्वेटर घालतोस ना? ऑफिसातलं फोनवर बोलायचं नाही म्हणतोस, म्हणून कागद घेऊन बसले.

आबांचा सख्खा भाऊ गेला तरी तुला रजा मिळाली नाही. भागुजीअण्णांचा दहावा नीट पार पडला. घाटावर नेहमीसारखा माइक, नेहमीसारखे पुढारी. एक जण त्या सकाळचा चौथा दशक्रिया विधी उरकून धावत आला आणि अण्णांऐवजी आपल्या आबांनाच श्रद्धांजली वाहायला लागला. आबा समोरच बसलेले. उठून म्हणाले, "ओ पावणं, सावळाराम मी. जित्ता हाय अजून." सगळा घाट हसला, अण्णांची सूनसुद्धा.

आता माझं काम. परदेशातल्या त्या दवाखान्यातल्या नोकरीवरून परत येऊन नऊ महिने झाले, तरी त्या वॉर्डातल्या एकोणीस खाटा डोळ्यांसमोरून जात नाहीत. तिथल्या सरकारच्याच सैनिकांनी आमचे पेशंट उचलून नेले आणि पाण्याच्या टाकीमागे गोळ्या घातल्या. मी आणि मरियम, आम्ही दोघी नर्स चादरींच्या खोलीत लपलो होतो. मी विमानात बसून घरी आले. मरियमनं चौकशी पथकापुढे साक्ष दिली आणि त्यापायी ती तुरुंगात गेली. तिची आई दर शुक्रवारी तुरुंगाच्या दारात डबा देते. मागच्या शुक्रवारचा डबा रिकामा परत मिळतो, म्हणजे लेक जिवंत आहे. तिच्या भावाचा तसा मेसेज आला की मला जेवण जातं.

तो दवाखाना आपल्या सरकारच्या मदतीवर चालायचा. माझा अर्ज परराष्ट्र खात्यात तुझ्याच टेबलावर आलाय. सरकारनं एवढंच म्हणावं, मरियमला सोडा.

तुझी माझ्यावर माया आहेच, या वेळी तिला कामाला लाव.
तुझी, आरतीताई


नवी दिल्ली
२९ जानेवारी

ती. ताईस ऋषीचा शि. सा. न. वि. वि.

आबांचं वाचून ऑफिसात एकटाच हसत होतो.

आनंदाची बातमी. आपल्या सरकारचं निवेदन निघालं. कात्रण सोबत आहे. मसुदा माझा. मी दोन वाक्यं घातली होती, एक मारल्या गेलेल्या रुग्णांबद्दल शोकाचं, दुसरं मरियमच्या सुटकेच्या मागणीचं. वर गेल्यावर 'सैन्याने मारले' याचं 'दुर्दैवी घटना' झालं आणि दोन वाक्यांचं एक झालं. त्या देशाशी आपले संबंध आहेत, तिथली खनिजं आपल्याला लागतात, तू समजून घे. पण तिचं नाव मी झगडून राहू दिलं. सरकारी कागदावर तिचं नाव आलं, हे थोडं नाही.

आईला नमस्कार. तुझा लोभ मला पुरून उरतो, तो तसाच असू दे.
तुझा, ऋषी


वारूळवाडी
५ फेब्रुवारी

चि. ऋषीस. वि. वि. आशीर्वाद शेवटी देईन, राग उतरला तर.

तू ते कात्रण वाचलंस तरी का? 'दुर्दैवी घटनेतील रुग्ण व परिचारिका मरियम यांच्या निधनाबद्दल सरकारला तीव्र दुःख आहे.' अरे, ती जिवंत आहे! सुटका मागायला जीभ उचलेना, म्हणून श्रद्धांजली वाहून मोकळे झालात. मागणी केली की उत्तर ऐकून घ्यावं लागतं, शोकाला कोण उत्तर देतं?

घाटावरचा तो पुढारी परवडला. निदान चार दहावे करून दमला होता. तुमचा कागद इतक्या शिकलेल्यांच्या टेबलांवरून गेला आणि एकानंही विचारलं नाही की ही बाई मेली कधी. आणि तू नाव दिसलं म्हणून खूश. मला लई चीड आली ती याची.

लगेच दुरुस्ती काढ. आईनं तुझ्यासाठी लाडू बांधून ठेवले होते, ते मी परत डब्यात भरले.
राग उतरला नाही.
आरती


नवी दिल्ली
१६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी दुरुस्तीची टिपणी वर पाठवली. साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, दुरुस्ती काढली की पहिलं निवेदन चुकलं असं जगजाहीर होतं. शिवाय ती हयात असल्याचा अधिकृत पुरावा काय? मी डब्याचं सांगणार होतो. पण रिकामा डबा फाइलला कसा जोडायचा ते सुचेना. फाइल मिटली. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.

मी तेवढा वाईट नाही, ताई. रागव, पण पत्र थांबवू नकोस.
तुझाच, ऋषी


वारूळवाडी
२२ फेब्रुवारी

ऋषी,

परवाच्या शुक्रवारी मरियमच्या आईचा डबा तुरुंगाच्या दारात घेतलाच नाही. मागचा परत दिला तो भरलेला, आतल्या रोटीला बुरशी आलेली. शिपायानं तिला मोबाइलवर आपलं निवेदन दाखवलं. म्हणाला, या नावाची कैदी आमच्याकडे नाही, ती दवाखान्यातच मेली, भारतानं दुःखसुद्धा कळवलंय. आधीच मेलेल्या बाईला पुन्हा मारलं, तर गुन्हा कुणावर लावायचा, तूच सांग.

आबांना सगळी पत्रं वाचून दाखवली. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग तुला एकच गोष्ट विचारायला सांगितली, ती त्यांच्याच शब्दांत लिहिते. "माझं नाव घेतलं तवा मी उठलो. तिला उठता येत न्हाई. तू तर तितंच बसला व्हतास ना रं?"

उत्तर मला नको. आबांना लिही.
आरती