बांधावरची गुळवेल

दि. ९ जून २०२५, सोमवार

चि. सौ. शालूस,
पुष्पाबाईचा आशीर्वाद. अंबडच्या नव्या घरात सगळे सुखरूप असाल. भाऊजींची शुगर बराबर आहे का? पायाची आग कमी झाली का? सूनबाई अर्पिताला म्हणावं, मोठ्या सासूनं विचारलं.

जाऊबाईनं फोन का केला न्हाई म्हणशील. तुमच्या घरातला फोन कायम स्पीकरवर असतो, आन् मला जे सांगायचंय ते तुला एकटीला सांगायचंय. भाऊजी दुपारचे झोपले की चष्मा लावून वाच. अर्पिताला वाचायला देऊ नको. तिला माझं अक्षर लागायचं न्हाई, आन् लागलं तर अजून वाईट.

इकडं ठीक. सरकी आणून ठेवली. म्हैस आटली. आपल्या गावच्या कृषी सहायकाची, त्या देवानंदाची, बदली परतूरला झाली. जाताना भेटून गेला.

परवा तुझा हरिओम आल्ता. पुण्याची नोकरी सोडली म्हणला. तुमच्या रानात मोसंबीसाठी परत तीनशे खड्डे घेतलेत, कलमं पुढच्या आठवड्यात घनसावंगीहून येणार. माझ्या पाया पडला. "मोठी आई, आमचं राहणं अंबडला, रोज येणं व्हायचं न्हाई. बागेवर तूच लक्ष ठेव." मी चहा पाजला, डोक्यावर हात ठेवला. मंग तो तुमच्या कुंपणाकडं गेला आन् भाऊजींच्या काढ्यासाठी गुळवेलीची चार कांडं तोडून घेतली. जाताना म्हणला, "वेल चांगली माजली की." तेव्हापासून घास गोड लागेना. म्हणून लिहायला बसले.

तुमची जुनी बाग मागच्या वर्षी जेसीबीनं उपटली, तेव्हा तू बांधावर बसून रडली. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते, आठवतं? दरवर्षी पोळा झाला की फळ पिवळं पडायला लागायचं आन् झाडाखाली सडा. फळाला सुईएवढं भोक, दाबलं की आंबट पाणी. रस पिणारा पतंग टोचून जायचा. भाऊजी दिवस मावळताना कडूलिंबाचा पाला पेटवून बागेत धूर करायचे, टाक्याच्या टाक्या फवारायचे. तुम्ही सगळे त्याला बागेत धुंडत होते. त्याचं घर बागेत न्हवतंच.

शालू, तो पतंग मोसंबीवर फक्त प्यायला येतो. अंडी घालतो गुळवेलीवर. त्याची अळी मोसंबीच्या पानाला तोंडसुद्धा लावत न्हाई, तिला गुळवेलीचाच पाला लागतो. वेल न्हाई तर अळी न्हाई, अळी न्हाई तर पतंग न्हाई. सगळा खेळ एवढाच आहे. हे मला सन अठरापासून ठाऊक आहे.

तुम्ही परतूरला तुझ्या भाचीच्या, शीतलच्या लग्नाला गेल्ते. देवानंद तुमच्याकडंच आल्ता, घर बंद बघून माझ्या ओट्यावर टेकला. माझ्या बांधावरच्या कडूलिंबावर तेव्हा गुळवेलीची एकच वेल होती, आपली आपण उगवलेली. त्यानं पान उलटं करून अळी दाखवली, काळी मखमली, अंगावर डोळ्यासारखे ठिपके. म्हणला, "काकू, रामरावांना एवढा निरोप द्या. ही वेल मुळासकट काढा म्हणावं. फवारून काही उपयोग न्हाई." मी म्हणलं, देते. तुम्ही लग्नाहून आले. तू मला बुंदीचे लाडू आणून दिले. मी निरोप दिला न्हाई.

पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, दिला का? मी म्हणलं, दिला, पण भाऊजी ऐकतात का कोणाचं. त्याला बिलकुल शंका आली न्हाई. भाऊजींनी त्याला एकदा ग्रामपंचायतीत चारचौघांत कालचं पोरगं म्हणल्तं. तो परत तुमच्या दारात आला न्हाई.

एवढ्यावर थांबले असते तर विसरले असं म्हणता आलं असतं. पण पुढच्या आषाढात मी त्या वेलीची हातहातभर कांडं तोडली आन् बांधावरच्या सातही लिंबांच्या बुडाशी खोचली. लोक म्हणले, पुष्पाबाई औषधाची वेल लावून राह्यली, पुण्याचं काम.

मंग करोना आला. जो तो गुळवेल मागायला लागला. तूही आली. मी म्हणलं, रोज मागत कशाला बसते, तुझ्याच कुंपणावर लाव. अकरा कांडं दिली. कुठं खोचायची तेही मीच दाखवलं, बागेला लागून, जिथं वारा आडतो तिथं. तू वाकून माझ्या पाया पडली.

आन् भाऊजींनी माझं अर्धं काम स्वतःच केलं. इतकं विष मारलं की कुंपणात अळ्या वेचणारा कुंभारकावळा दिसेना. गांधीलमाश्या गेल्या, मधमाश्या गेल्या. फवारा मोसंबीवर, अळ्या वेलीवर मजेत, त्यांना खाणारं कोणी उरलं न्हाई. मी ओट्यावर बसून बघायचे.

का केलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. सन तेराचा उन्हाळा. विहीर दोघा भावांची, पाळी एक दिवसाआड. पाणी तासाभराचं राह्यलं तेव्हा भाऊजींनी आमच्या पाळीचंही तुमच्या बागेला वळवलं. माझे मालक विहिरीवर मागायला गेले. थोरला भाऊ धाकट्यापुढं टोपी हातात घेऊन उभा राह्यला. मी मागं होते. मालक म्हणले, एकाड एक झाडाला तरी दे. भाऊजी मोटारीच्या पेटीला कुलूप लावत म्हणले, "दादा, दोन्ही मरण्यापेक्षा एकाची तरी बाग वाचू द्या."

बोलणं खोटं न्हवतं. पाणी खरंच एकाच बागेपुरतं होतं. पण कोणाची बाग, हे कुलपाची किल्ली ज्याच्या हातात त्यानं ठरवलं. आमची दोनशे एकोणचाळीस झाडं उभ्यानं वाळली. मालकांनी ती स्वतः कुऱ्हाडीनं तोडली, दीड महिना. पुढं दोन वर्षांत गेले. डॉक्टर म्हणले, हृदय. मी ऐकून घेतलं.

आता तुझं. त्या उन्हाळ्यात तू भाऊजींची नजर चुकवून माझ्या दारातल्या मोसंबीच्या दोन झाडांना घागरीनं पाणी घालायची. प्यायच्या पाण्यातलं. आपण दोघी त्यावर कधी बोललो न्हाई. ती दोन झाडं जगली, अजून आहेत. पतंगानं त्यांची फळंही दरवर्षी पोखरली. कोणतं झाड कोणाच्या पाण्यावर जगलं हे त्याला काय कळतं. सडकी फळं मी सकाळी उठून पुरायचे, तुझी नजर पडायच्या आत.

त्या दोन झाडांसाठी हे पत्र. माफी मागत न्हाई. खरं सांगते, तुमच्या बागेतला आंबूस वास माझ्या घरात आला की मला दोन घास जास्त जायचे. तू रडली त्या दिवशी माझा हात तुझ्या पाठीवर होता आन् जीव थंड झाला होता. तुझ्यासाठी वाईट वाटत होतं, तेही खरं. दोन्ही एकाच वेळी होत होतं.

आता नीट वाच. तुझ्या कुंपणावरची वेल तू लावली, तूच काढ. नुसती बुडातून कापशील तर फसशील, वरून दोऱ्यासारखी मुळं सोडती आन् परत मातीला लागती. सगळी ओढून काढ, वाळव, जाळ. हरिओमला काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव घेतलं तरी चालंल.

माझ्या बांधावरची सात लिंबं राह्यली. तिथं वेल आहे तोवर तुझी काढून उपयोग न्हाई, पतंगाला बांध कळत न्हाई. परवा हरिओम गेल्यावर मी विळा घेऊन पहिल्या लिंबाखाली गेल्ते. बराच वेळ उभी राह्यले. मंग घरी येऊन विळा होता तिथं खोचला.

भाऊजींना पाठव. तू येऊ नको, हरिओमला तर बिलकुल पाठवू नको, त्याच्यापुढं माझं मन टिकायचं न्हाई. भाऊजींनी स्वतः यायचं, माझ्या ओट्यापुढं उभं राहायचं, टोपी हातात घ्यायची आन् मागायचं. पाय दुखत असतील तर रिक्षा करा. कलमांना फळ धरायला चार-पाच वर्षं आहेत, घाई न्हाई.

आले म्हणजे मी वेल काढीनच, असं मात्र लिहून देत न्हाई. मालकही विहिरीवर गेल्ते ते मिळंल म्हणूनच गेल्ते.

काढा बंद करू नको, शुगरला बरा असतो. अंबडच्या बाजारात कांडं मिळतात. माझ्याकडून आता नेऊ नको.

जिच्या हातची वेल तू पाया पडून लावली, ती तुझी थोरली जाऊ,
पुष्पाबाई