भूल द्यायला शिकायचा अर्ज

बाबा, मला भूल देण्याच्या कोर्सला प्रवेश मिळाला. इथे अमेरिकेत नर्सलाही हे काम शिकता येतं. त्याची वेगळी तीन वर्षांची पदवी असते आणि ती घेतलेल्या नर्सेस ऑपरेशन थिएटरमध्ये तेच करतात, जे तुम्ही सोलापुरात तीस वर्षं करत होता. हे ऐकून तुम्ही आधी काय विचारलं असतं, याचा मी दोन दिवस अंदाज बांधते आहे. "डॉक्टर शेजारी असतो ना?" हे बहुधा पहिलं. काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी नसतो, बाबा. त्यावर तुम्ही चष्मा काढून सदऱ्याला पुसला असता, एवढं मला नक्की माहीत आहे. पुढचं काही केल्या ऐकू येत नाही.

मी आता बेचाळीस वर्षांची आहे. अर्विंगमधल्या आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवरच्या हॉस्पिटलात चौदा वर्षं आयसीयूत नर्स आहे. अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या पेशंटला श्वास पुरेना, म्हणून भूल विभागातल्या एक बाई श्वासनलिकेत नळी घालायला आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, डॉक्टर नव्हेत, नर्सच. नळी घालताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशी मी फक्त मास्क धरलेला त्यांचा डावा हात बघत राहिले. करंगळी जबड्याच्या कोपऱ्यामागे, बाकीची बोटं हाडावर, मऊ भागावर एकही नाही. हा हात मी कुठेतरी पाहिला होता.

मी नऊ वर्षांची आहे. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून गृहपाठ करते आहे, आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही नुकते हॉस्पिटलमधून आलात. मी विचारते, "बाबा, भूल दिलेल्या माणसाची जीभ कुठे जाते?" तुम्ही सरळ आईच्या मागे जाऊन उभे राहता, तिच्या जबड्यामागे करंगळी लावता आणि तोंड वर उचलता. "मागे पडते. म्हणून असं उचलायचं. खालून दाबायचं नाही, दाबलं की श्वास बंद." आई हातात लाटणं घेऊन छताकडे बघत म्हणते, "आधी हात धुतलेत का?" धुतले नव्हते. तवा धुरायला लागेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो आणि तुम्ही बेसिनशी उभे राहून मुकाट्याने साबण लावत होता.

त्या बाईंना मी करंगळीबद्दल विचारलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोन प्रश्न विचारले. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "तुला उत्तरं नकोत, तुला माझं काम हवंय. एक दिवस थिएटरमध्ये ये." मी गेले. दिवसभर त्यांच्यामागे उभी राहिले आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी सुरूच करवेना. इतकी वर्षं आयसीयूत मी भुलेतून बाहेर आलेली माणसं सांभाळत होते, ती आत कशी जातात ते त्या दिवशी नीट पाहिलं. तुम्ही घरी येऊन कधी त्याबद्दल बोलला नाहीत. दिवसाला चार हॉस्पिटलं, स्कूटरच्या डिकीत ती तपकिरी बॅग. पेशंटचे नातेवाईक पेढे सर्जनला द्यायचे, तुमचं नावही त्यांना ठाऊक नसायचं. याचं तुम्हाला वाईट वाटायचं, की बरं वाटायचं?

पहिल्या वर्षी तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्हीकडून नकार आला. एका कॉलेजने कारण कळवलं: माझं केमिस्ट्री वीस वर्षांपूर्वीचं, ते पुन्हा करून या. ह्यांनी विचारलं, "परत करायचंय? नोकरी सोडावी लागेल तीन वर्षं. मध्येच जमलं नाही तर?" ड्युटी सांभाळून कम्युनिटी कॉलेजात एकोणीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून मी केमिस्ट्री केलं. घरी तुमची नात प्रश्न विचारायची, मी उत्तरं द्यायची. "आई, यू स्किप्ड अ स्टेप," ती मान वर न करता म्हणायची, आणि खरंच मी एक पायरी गाळलेली असायची.

या वर्षी एका ठिकाणी इंटरव्ह्यूला बोलावलं. समोर तीन जण. औषधांचे प्रश्न झाले, ते बरे गेले. मग सगळ्यांत वयस्कर बाईंनी विचारलं, "थिएटरमध्ये नेताना पेशंट विचारतो, मी परत उठेन ना? तू काय सांगशील?"

मला एक रविवार आठवला. आई माहेरी गेली होती म्हणून तुम्ही मला स्कूटरवरून हॉस्पिटलात नेलंत. मी बारा वर्षांची. थिएटरबाहेर स्ट्रेचरवरच्या एका आजींनी माझा हात धरला, तेव्हा मी म्हटलं, "घाबरू नका आजी, काही होणार नाही." तुम्ही मला कोपऱ्यात घेऊन गेलात. आवाज चढवला नाहीत. "काही होणार नाही हे तुला माहीत आहे? मला माहीत नाही. जे माहीत नाही ते पेशंटला सांगायचं नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तुम्ही पाहिलंत आणि तसेच आजींकडे गेलात. वाकून म्हणालात, "आजी, तुम्ही जाग्या होईपर्यंत मी खोलीबाहेर जाणार नाही." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

इंटरव्ह्यूत मी तुमचंच वाक्य इंग्रजीत सांगितलं. बाईंनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "वडिलांनी. ते भूलतज्ज्ञ होते. आता नाहीत." त्या हसून म्हणाल्या, "तू त्यांच्याच वाटेने आलीस, म्हणजे त्यांना फार आनंद झाला असता." मी हो म्हणाले.

ते खरं की खोटं, मला ठरवता येत नाही. बारावीला मार्क कमी पडले तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. नर्सिंगच्या फॉर्मवर सही केलीत, होस्टेलपर्यंत ट्रंक उचलून आणलीत. पण पुढची चार वर्षं कुणी विचारलं, मुलगी काय करते, की तुम्ही म्हणायचात, "मेडिकललाच आहे." त्या 'च'चा मला फार राग यायचा. एकदाही तुमच्या तोंडून नर्स हा शब्द निघाला नाही. मीही कधी विचारलं नाही, का म्हणून. मग मी इकडे आले, आणि सहाव्या वर्षी तुम्ही गेलात.

हे पत्र मी कोर्सच्या कागदांबरोबर ठेवून देईन. आईलाही वाचून दाखवणार नाही, कारण ती फोनवर एवढंच म्हणाली, "ते असते तर गावभर सांगत सुटले असते." सुटलेही असते, नर्स हा शब्द गाळून. पण बाबा, तुम्ही असता तर मी हा अर्ज केलाच नसता.