लांबीचा रकाना

केज,
शुक्रवार, दुपारची नमाज उरकून

प्रिय मेहेक,

खूप खूप दुआ. पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. तुझ्या अम्मीचे गुडघे होते तसेच आहेत आणि तिची जीभही होती तशीच आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. "जेवलीस का, कोल्हापुरात थंडी पडली का" यापुढं माझी गाडी जात नाही. घरात आपण दखनी बोलत असलो तरी तू आणि मी दोघंही मराठी शाळेत शिकलो, त्यामुळं जरा मोठं काही सांगायचं म्हटलं की मला कागद आणि मराठीच लागते. आणि सांगायचं आहे ते मोठंच आहे. दर फोनला तू विचारतेस, नांदूरघाटच्या आश्रुबाकाकांची विहिरीतली मोटार कशी आहे. मी "चालू आहे" म्हणतो आणि लगेच रेंज जाते. केजमध्ये रेंज इतकी वाईट नाही, बेटा. गेले चौदा महिने मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली आहे.

बंकट मिस्त्री तुला आठवत नसतील, ते गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस. माझे उस्ताद. जळालेली मोटार आली की जुनी तार उपसायची, तिचे वेढे मोजायचे आणि नवी तार तेवढ्याच वेढ्यांची भरायची, हा आपला धंदा. सगळी किंमत त्या आकड्याला. वेढे मोजून होत आले आणि आकडा वहीत टाकायची वेळ झाली की मिस्त्री मला म्हणायचे, "दस्तगीर, च्या घिऊन ये बे." मी चहा घेऊन येईपर्यंत वही कुलपात गेलेली असायची. बारा वर्षं मी त्यांचा चहा आणला. समोरच्या हॉटेलवाल्याला वाटायचं, मिस्त्रींना चहाचं व्यसनच आहे. शेवटी त्यांची नजर गेली, तेव्हा लाल फडक्यात बांधलेली ती वही त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "एकाच हाती दे. बाजार मांडू नको." मी शब्द दिला. त्या दिवसापासून केजात मी दस्तगीर मिस्त्री झालो.

आता तुझं. बारावीनंतर बीडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तुझं नाव लागलं होतं आणि मी तुला पाठवलं नाही. लोकांना सांगितलं, बसच्या वेळा नीट नाहीत. खरं म्हणजे माझी हिंमत झाली नाही, आणि मुलीनं मोटारी शिकून काय दिवे लावायचे, असंही वाटलं. तू भांडली नाहीस. इथंच बी.एस्सी.ला नाव घातलंस आणि खरं कॉलेज मोबाईलमध्ये भरवलंस. मोठमोठ्या कॉलेजांतले प्रोफेसर आपले वर्ग असे कुणासाठीही उघडे ठेवतात, मार्क विचारत नाहीत, वय विचारत नाहीत, बापाची सही मागत नाहीत, हे मला तुझ्यामुळं कळलं. आधी तू सगळीकडं फिरून आलीस. भाकरी थापता थापता अम्मीला सांगायचीस की नकाशे काढायला माणसानं कधी सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात मेंदू. मग तारे. अम्मी म्हणायची, "ये लडकी एक दुकान पे टिकती नै." मग तुला विजेच्या यंत्रांचा तो वर्ग सापडला आणि तू तिथं ठाण मांडलंस. चाळीस धडे. दुकानातल्या स्टुलावर बसून, कानात वायर घालून तू ऐकायचीस आणि मी गिऱ्हाइकांना सांगायचो की पोरगी गाणी ऐकते. पोरगी मोटारी ऐकते हे सांगायची मला लाज वाटायची.

आणि मग मागच्या वर्षीचा तो चैत्रातला दिवस. आश्रुबाकाकांची मोटार तिसऱ्यांदा जळून आली होती. मी नेहमीप्रमाणं वेढे मोजले, चव्वेचाळीस. वही काढली, वहीतही चव्वेचाळीस. तू पट्टी घेऊन आलीस. आतल्या लोखंडी गाभ्याची लांबी मोजलीस, गोलाई मोजलीस, कागदावर काहीतरी मांडलंस आणि म्हणालीस, "अब्बा, इथं बावन्न पाहिजेत. गाभा आखूड आहे, आखूड गाभ्याला वेढे जास्त लागतात. आणि तुमच्या वहीत लांबीचा रकानाच नाही." वही हातात घेऊन पुढं म्हणालीस, ही माझ्याकडं द्या, मी तो रकाना भरते आणि मराठीतून सगळं सांगून फोनवर व्हिडिओ करून ठेवते, वडवणीच्या, माजलगावच्या मिस्त्र्यांनाही फुकटात बघता येईल. दुकानात तेव्हा चार माणसं होती. मी वही तुझ्या हातातून ओढून घेतली आणि त्या चौघांसमोर बोललो, "चार व्हिडिओ बघून उस्ताद झालीस का? ही वही काय रस्त्यावरचा पाला आहे?" तू हिशेबाचा कागद टेबलावरच्या काचेखाली सरकवलास आणि आत गेलीस. मी चव्वेचाळीसच भरले. जूनमध्ये तू तुझी तू कोल्हापूरच्या पंपांच्या कारखान्यात नोकरी धरलीस. जाताना माझ्या पाया पडलीस. वहीचं नाव पुन्हा काढलं नाहीस. मला वाटलं, विसरली.

ऑगस्टात पावसानं ओढ दिली आणि ती मोटार चौथ्यांदा जळाली. आश्रुबा ती जीपमधून घेऊन आला, दारात ठेवली, खाली बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, "दस्तगीरभाई, म्या दुसरीकडं जाणार न्हाई. अकरा वर्सं तुमीच भरताव. पर मोसंबी सुकाया लागली. आता तुमीच सांगा कावून जळतीय." अम्मीनं पडद्याआडून ऐकलं होतं. तो गेल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, "बेटी का हिसाब बराबर था, इतना बोलने कू जबान जलती क्या तुम्हारी?" मी तिच्यावर खेकसलो. मग काच उचलली, तुझा कागद काढला, शटर अर्धं ओढून घेतलं आणि तार एक नंबर बारीक घेऊन बावन्न वेढे भरले. आणि मोटार चालू केली तर मेहेक, ती घुमलीच नाही. नेहमीचा तो जड आवाजच नव्हता. अर्ध्या तासानं अंगाला हात लावला तर कोमट. मी तिच्यासमोर स्टुलावर, तुझ्याच स्टुलावर, किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. लई अभिमान वाटला गं. आणि तेवढीच शरम. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

ती मोटार आजपर्यंत एकदाही विहिरीतून वर काढलेली नाही. बारा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा आतली तार इतकी जळून एकजीव झाली होती की वेढे मोजता येईनात. मी उस्तादांची वही उघडली. तीच कंपनी, तेवढीच ताकद, वहीत चव्वेचाळीस. मी भरले. पुढं प्रत्येक वेळी मी माझेच चव्वेचाळीस मोजत होतो आणि वहीशी जुळतात म्हणून खूश होत होतो. उस्तादांचा आकडा खोटा नव्हता. त्यांच्या काळातल्या मोटारीचा गाभा दीड इंच लांब होता, एवढंच. पण वहीला कधी कुणी शंका विचारली नव्हती, कारण वही कधी कुणाला दिसलीच नव्हती. हे समजायला मला काय करावं लागलं ते आता सांगतो. हसू नकोस. तुझा जुना फोन अम्मीच्या डब्यातून काढला आणि तो चाळीस धड्यांचा वर्ग पहिल्यापासून लावला. चौपन्नाव्या वर्षी.

तो हिंदीतून शिकवणारा प्रोफेसर आता मला घरातल्यासारखा वाटतो. बाहीला खडू लागलेला असतो, आणि फळा पुसायच्या आधी तो दर वेळी विचारतो, उतरवून घेतलं का? पहिल्यांदा मी स्टुलावरून "हां" म्हणालो. अम्मी अजून ते सगळ्यांना सांगते. सातव्या धड्यात मी अकरा दिवस अडकलो होतो. मागं जाऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा मागं गेलो. बंकट मिस्त्रींना एकदा पुन्हा विचारलं असतं तर त्यांनी पक्कड फेकून मारली असती. धड्याच्या शेवटी असतात त्या दहा प्रश्नांत आधी माझे चार बरोबर यायचे. मागच्या आठवड्यात आठ आले. एकोणीस धडे झालेत. त्या माणसानं मला कधी पाहिलं नाही, माझं नाव त्याला माहीत नाही, आणि जे मला बारा वर्षं कुणी सांगितलं नाही ते तो फळ्यावर लिहून देतो आणि वर विचारतो, समजलं ना? मला कधी कधी राग येतो त्याचा. इतकं सोपं होतं तर आमची उमर का घालवली?

आणखी एक, हेही तुला ठाऊक नाही. गेल्या दिवाळीच्या आधी मी नांदूरघाटला गेलो. आश्रुबा बागेत होता. मी सांगितलं की तीन वेळा मोटार जळाली ती माझ्यामुळं, आणि चालते आहे ती मेहेकच्या आकड्यामुळं. त्यानं हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आता कळलं व्हय! म्या समजत हुतो आमच्या पान्यातच खोट हाय." आणि एवढा हसला की खाली बसला. मला वाटलं होतं, नाव जाईल. नाव गेलं नाही, पण दुसऱ्याचं झालं. आश्रुबानं साऱ्या गावाला सांगितलं, गावानं केजच्या बाजाराला. आता मोटार घेऊन येणारा माणूस दारातूनच म्हणतो, "मिस्त्री, मेहेकच्या आकड्यानं भरा." वडवणीचा युवराज मिस्त्री, जो वीस वर्षांत माझ्याशी सरळ बोलला नाही, त्याचा परवा फोन आला की ही मेहेक कोणत्या कंपनीची माणूस आहे, तिचा नंबर मिळेल का? मी म्हणालो, आमच्याच कंपनीची आहे. फोन ठेवला आणि अम्मीला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तर तिनं लाटणं दाखवलं.

तेव्हा बेटा, हे पत्र एवढ्यासाठी. पत्राबरोबर लाल फडक्यातली वही आहे. उस्ताद म्हणाले होते, एकाच हाती दे. मी एकाच हाती देतोय. पुढं त्या हातानं काय करायचं ते तू मागंच सांगितलं होतंस, आणि ते ऐकून घ्यायला मला दीड वर्ष लागलं. शेवटी लाल पेनानं एक नवा रकाना आखला आहे, लांबीचा. या चौदा महिन्यांत दुकानात आलेल्या प्रत्येक मोटारीचा गाभा मी स्वतः मोजून तो भरला आहे. जिथं माझा आकडा चुकला होता तिथं गोल केला आहे, एकूण तेवीस ठिकाणी. ते गोल पुसू नकोस. तू मराठीतून सांगशील तेव्हा ते सगळ्यांना दाखव आणि खाली माझं नाव घाल, दस्तगीर मिस्त्री, केज, म्हणजे पुढचा कुणी माझ्यासारखा डोळे मिटून भरणार नाही. चार माणसांसमोर तुला बोललो होतो, म्हणून ज्यांना बघायचं असेल त्या सगळ्यांसमोर हे कबूल करतो. आणि शिकवताना आकडा सांगायची वेळ येईल, तेव्हा एवढं लक्षात ठेव. समोर कुणीही असू दे, त्याला चहा आणायला पाठवू नकोस.

तुझाच विद्यार्थी,
अब्बा